हडळीवरचा मारुती

भुताखेतांच्या चित्रकथांची जुनी काळी-पांढरी मासिकं मी जमवतो. परवा रद्दीवाल्याकडे एक अंक मिळाला. त्यात हडळीच्या तोंडावर कुणीतरी कॅलेंडरमधला मारुती कापून चिकटवला होता, तोही कणकेच्या खळीनं. मी चरफडलो. असला अंक संग्रहात कसा ठेवायचा? किटलीच्या वाफेवर धरून मारुती सोडवायला निघालो, तेव्हा बायको म्हणाली, "राहू द्या हो. कुणाच्या तरी आईनं लावलाय तो."

मग मी ते पान नीट पाहिलं. खरं तर त्या आईला अंक बंबात घालणं किती सोपं होतं! पण पोराला तो वाचायचाही होता आणि रात्री झोपायचंही होतं. त्या माउलीनं दोन्हीची सोय केली होती. आपल्या माणसानं अशी बेताची करून दिली, तर भीतीसुद्धा गोड लागत असावी.

मारुतीचा एक कोपरा मात्र बोटं लागून लागून काळा पडला होता. पोरगं तो उचलून खाली डोकावत असणार.

बायको स्वयंपाकघरात गेल्यावर मीही तो कोपरा हळूच उचलला. हडळ पाहिली, दचकलो, आणि मारुतीला पुन्हा घट्ट दाबून बसवलं.