सोंग म्हणाले मी तिला

माझी थोरली जाऊ तिसऱ्या बाळंतपणानंतर गप्प झाली. तेव्हा आम्ही सोलापुरात गिरणीजवळच्या चाळीत राहायचो. सासूबाई आधीच गेलेल्या. दीर आणि माझे मालक गिरणीत कामाला, जावेची थोरली दोन पोरं शाळेत, म्हणजे दिवसभर घरात आम्ही दोघीच. मला लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, मूल नव्हतं.

ही बाई आधी कशी होती, ते सांगायला हवं. तिच्या बोलण्याला चाळ हसायची. मला दळण नीट जमत नसे, तर चार लोकांत बोलून न दाखवता तीच जात्याचा खुंटा धरायची. आता मूल दीड महिन्याचं झालं तरी ती भिंतीला टेकून बसून राही. वेणी घालायची नाही, जेवायची नाही. पोर रडलं तरी तिला ऐकूच येत नाही असं वाटे. सगळं घर माझ्यावर पडलं आणि मी चिडायला लागले.

एका सकाळी मी चुलीशी होते. ती जवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तू आज कुटं जाऊ नगंस. मला पोराजवळ एकटी ठेवू नगंस. माझ्या मनात लई वाईट येतंय."

"काय येतंय?" असं मी विचारायला हवं होतं. मी म्हणाले, "काम चुकवायला बरं सोंग सापडलंय की तुमाला!"

ती परत जागेवर जाऊन बसली. मी धुणं घेऊन नळावर गेले. तेवढ्यावर थांबले असते तरी आज इतकी लाज वाटली नसती. पण नळावर पाच-सहा बायका होत्या. त्यांच्यापुढे मी जावेची नक्कल केली. मान टाकून, डोळे थिजवून, तिच्याच आवाजात "लई वाईट येतंय" म्हणून दाखवलं. बायका हसल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

घरी आले तर पोर झोळीत एकटंच रडत होतं. जाऊ नव्हती. पोराला काखेत घेऊन मी बाहेर आले, तर समोरच्या घरातलं एक पोरगं म्हणालं, "तुमची बाई तळ्याकडं गेली. आमची आई बी गेली तिच्या मागनं."

त्याची आई तेलुगू विणकराची बायको. घरच्या हातमागासाठी दारात बसून सुताच्या कांड्या भरायची. आमचं तिच्याशी फारसं बोलणं नव्हतं. भर उन्हात, अनवाणी, डोक्यावर पदर न घेता जाऊ जाताना तिनं पाहिली आणि हातातलं सूत टाकून ती मागोमाग निघाली होती.

मी तळ्यावर पोचले तेव्हा दोघी पायरीवर बसल्या होत्या. जावेचं लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं. त्या बाईनं तिचा हात घट्ट धरला होता. मी रडत रडत "हे काय केलं तुमी?" म्हणायला लागले तशी ती बाई मला म्हणाली, "आता काय विचारू नको. पोराला घेऊन बस हितं."

मग जावेकडं वळून म्हणाली, "अक्का, मला पण असंच झालं होतं. पहिल्या पोराच्या वेळी. जातं हे. वेळ लागतो, पण जातं."

जाऊ तेव्हा पहिल्यांदा रडली. आणि मला कळलं की सोंग नव्हतं ते.

त्यानंतर ती बाई रोज दुपारी येऊन बसायची. औषध नाही, अंगारा नाही. जावेला जे बोलायचं असेल ते ऐकायची, नसेल तर नुसती बसायची. पोराला मी सांभाळायचे, एकटं सोडत नव्हते. चार-पाच महिने गेले. मग एक दिवस पोरानं शेजारणीचं सूत तोंडात कोंबलं आणि जाऊ हसली.

पुढे दोन वर्षांनी मला मुलगा झाला. त्याच्या दहाव्या दिवसापासून जाऊ रोज माझी वेणी घालताना विचारायची, "मनात काय येतंय गं?" एकदा मी सांगून टाकलं, "हे सगळं सोडून निघून जावंसं वाटतंय."

वेणीवरचा तिचा हात थांबला नाही. म्हणाली, "सांगितलंस ते बरं केलंस. आज मी हितंच बसते."

तिनं मला तोंडावर मारलं असतं तर सोपं गेलं असतं. माफी मागायची म्हणून मी वळले, पण माझ्या तोंडून "जाऊबाई" एवढंच आलं. ती म्हणाली, "मान हलवू नगंस." नळावर मी काय केलं ते तिच्या कानावर गेलं असणारच, चाळीत काय लपून राहतं? तिनं कधी विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. पुढे तीस वर्षं आम्ही एका चुलीवर जेवलो. माफी मागायला त्यातला कुठलाही दिवस चालला असता.