प्रॉम्प्टरचं बोट

आमच्या झाडीपट्टीत नाटक पाठ करून कोणी उभं राहत नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत आज या गावात, उद्या त्या गावात. पाठांतराला सवड कुणाला? पडद्याआड प्रॉम्प्टर बसतो, ओळीवर बोट ठेवून एकेक वाक्य कुजबुजतो आणि नट ते खणखणीत आवाजात म्हणतात. सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावात हे काम माझे वडील जन्मभर करत आले. टाळ्या नटांना मिळायच्या. बाबांना त्याचं काही वाटत नव्हतं, मला मात्र वाटायचं.

मागच्या हंगामात भर नाटकात त्यांची ओळ हरवली. राजा सिंहासनावर नुसताच बसून राहिला आणि लोक हसले. यंदा दुसरा प्रॉम्प्टर बघावा, असं गावच्या नाटकमंडळात घाटू लागलं. बाबांचं जेवणावरून मन उडालं, तेव्हा मी त्यांना गडचिरोलीला माझ्या घरी घेऊन आले.

डॉक्टर म्हणाले, आजार असा काही नाही, वय झालंय. मेंदूला काम द्या. दवाखान्यातल्या बाईंनी टॅबलेटवर एक खेळ लावून दिला. चित्रं दिसतात, लपतात. मग विचारलेलं चित्र जिथे होतं तिथे बोटानं दाबायचं. बाबांना भोपळा मिळाला. दुसऱ्यांदाही भोपळाच. बाईंनी माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की माझं डोकंच फिरलं. माझ्या बापाची कुणी कीव केलेली मला खपत नाही. मी वाद घालायला पुढे सरकले आणि तेवढ्यात मला ऐकू आलं. बाबा कुजबुजत होते. कोंबडा कुठे, बैल कुठे, सगळं बरोबर. सांगून झालं की टॅबलेटकडे बघत शांत बसायचे.

"बाबा, तुमी दाबत काऊन नाई?"

"मी सांगतलं न त्याले," ते म्हणाले. "आता करनं त्याचं काम."

मी हसले, बाईही हसल्या. पण जन्मभर दुसऱ्याच्या तोंडून बोललेल्या माणसाला स्वतःचं बोट पुढे करायला लावणं सोपं नव्हतं. आणि बोट पुढे आलं तेव्हा खरं काय तेही कळलं: थोडी चित्रं असली की जमायचं, गर्दी वाढली की गोंधळ व्हायचा. बाईंनी तोच खेळ आमच्या घरच्या टॅबलेटवरही टाकून दिला, आणि ते रोज चहा झाला की तो घेऊन बसत. माझ्यात धीर कमी, मी मध्येच बोट घालायचे. ते माझा हात बाजूला सारायचे. बाईंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की खेळानं खेळ सुधारतो, बाकीचं सुधारेलच असं नाही. मी ते बाबांच्या कानावर घातलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर मंडळानं तालमीला बोलावलं. ही एक तालीम बघू, मग ठरवू, असा निरोप होता. भर दुपारी गावच्या समाजमंदिरात बाबा संहिता घेऊन पडद्याआड बसले आणि मी पाण्याची बाटली धरायच्या निमित्तानं शेजारी. दुसऱ्या अंकात कुणीतरी उकडतंय म्हणून पंखा फिरवला आणि पानं फडफडत भलतीकडेच गेली. राजा वाक्याची वाट बघत होता. माझा हात आपसूक पुस्तकाकडे गेला.

बाबांनी तो बाजूला सारला. माझ्याकडे बघितलंही नाही. एक बोट पानांत शोधत होतं आणि ओठ चालूच होते. राजाचं वाक्य, राणीचं वाक्य, पुन्हा राजाचं. मग बोट ओळीवर टेकलं. स्टेजवर कुणाला काही कळलंच नाही. खेळामुळे जमलं की जन्मभराच्या सवयीमुळे, मला सांगता येणार नाही. माझा ऊर मात्र अभिमानानं भरून आला.

तालीम संपली आणि मंडळाचे अध्यक्ष बाबांना यंदाच्या तारखा सांगू लागले. नट एकमेकांची पाठ थोपटत होते. मला राहवेना. मी उभी राहिले आणि एकटीनंच टाळ्या वाजवल्या. बाबांनी चमकून वर पाहिलं.

"कोनासाठी वाजवून राह्यली?"

"तुमच्यासाठी."

त्यांनी पडद्याकडे बघत पुस्तक मिटलं आणि जन्मभराच्या त्याच आवाजात कुजबुजले, "हळू. नट आयकतीन."