अकरावा दर्भ

सांबशिवराव आमच्या आजोबांचे थोरले भाऊ. तंजावरातली आपली मंडळी त्यांना पाठीमागे 'ढगराव' म्हणत. हे नाव त्यांनी स्वतःच्या तोंडानं ओढवून घेतलं होतं.

राज्य खालसा होऊन सोळा वर्षं झाली होती. राजवाड्यातली मोठी दुर्बीण तेव्हापासून कुलपात होती. ती सांभाळायला नेमलेले सांबशिवरावांचे वडील त्या धसक्यानंच गेले आणि मुलगा कचेरीत अर्जांच्या नकला करत बसला. फोटो काढायची विद्या मात्र त्यांनी एका फिरत्या फोटोवाल्याकडून उचलली होती. कार्तिकातल्या अमावस्येला खग्रास ग्रहण होतं. मद्रासहून आलेल्या साहेबानं दुर्बीण बाहेर काढून आमच्या घराच्या अंगणात लावून दिली आणि सांगितलं, झाकल्या सूर्याचा स्वच्छ फोटो मिळाला तर तुला मद्रासला दुर्बिणीच्या कामावर घेतो. नकलांतून सुटायची तेवढी एकच वाट होती.

महिनाभर ते जेवणखाण विसरले. दुर्बिणीची डोळा लावायची काच काढून, पितळेचं कडं ओतवून त्यांनी तिथं कॅमेरा जोडला. दुधी काचेवर सूर्याची कड लख्ख दिसे, फोटोत मात्र पुसट येई. डोळ्याला जिथं स्पष्ट दिसतं तिथं फोटोचा मसाला लावलेल्या काचेवर उमटत नाही, एवढं कळायला सतरा काचा फुकट गेल्या. शेवटी नळी अर्ध्या तांदळाएवढी सरकवली तेव्हा कड उमटली. तिथं त्यांनी कानशीनं खूण केली.

ग्रहणाच्या पहाटे त्यांच्या आईनं, म्हणजे आमच्या पणजी भागीरथीबाईंनी, रीतीप्रमाणे घरभर दर्भ ठेवले. लोणच्याची बरणी, पाण्याचा घडा, देव्हारा. जे विटाळू नये त्यावर एक काडी. मोजून अकरा.

सूर्य पुरता झाकला. आकाश धुतल्यासारखं निरभ्र होतं. सांबशिवरावांनी काळोख्या राहुटीत काच चौकटीत घातली, कॅमेऱ्याला लावली, झाकण उघडलं. फोटो आला तो एका बाजूनं विरघळलेला. त्यांनी चौकट उलटी केली. कोपऱ्यात, काचेच्या खाली, दर्भाची काडी होती. तेवढ्यानं काच तिरपी बसली होती.

साहेबानं कारण विचारलं. पणजी ओसरीवर उभी होती. तिला इंग्रजी येत नसलं तरी गावात सांगणारे कमी नव्हते. सांबशिवराव म्हणाले, मध्ये ढग आला. साहेबानं वर पाहिलं, मग यांच्याकडे पाहिलं, आणि खोटं बोलणारा माणूस मला नको म्हणून दुर्बीण बांधायला लावली.

ग्रहण सुटल्यावर पणजी दर्भ गोळा करून मोजू लागली. दहाच भरले.

"अकरावा कोठे गेला रे?"

"वाऱ्याने उडाला, अम्मा."

त्यानंतर एकोणीस वर्षं त्यांनी नकला केल्या. पोरंसोरं ढगराव म्हणाली, तेही ऐकून घेतलं. मला अजून याचा संताप येतो, पण कुणावर काढावा ते कळत नाही. पणजी अंथरुणाला खिळली तेव्हा एका दुपारी ते तिचे पाय चेपत होते. ती एकाएकी बोलली.

"त्या दिवशी वारा नव्हता, सांबा. ढगही नव्हता."

ते पाय चेपत राहिले. पणजीनं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि मरेपर्यंत त्यांच्याकडे पाहिलं नाही.