फ्रेटकाकाजी

बाबा कामाला होते तो भिलाईतल्या हथखोजचा कारखाना बंद पडला, त्या वर्षी आमच्या घरी भाजी एकाच वेळची व्हायची. त्यात मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला इंग्रजीत नापास. पुरवणी परीक्षेतही नापास झाले तर कॉलेज सोडून शिलाईच्या कामाला लागायचं, असं घरात ठरलं होतं.

शेजारी फ्रेटकाकाजी राहायचे. मूळचे गोंदियाकडचे, इथल्या स्टील प्लांटच्या रेल्वे यार्डात वॅगन भरून घेण्याच्या कामावर. इतका काळजी करणारा माणूस भिलाईत दुसरा नसेल. ड्यूटीला निघाले की कोपऱ्यावरून स्कूटर परत वळवायचे.

"गॅस बंद केला ना वं?"

"मंग चहा काय तुमच्या डोक्यावर उकळू?" काकू आतून म्हणायच्या.

फ्रेटकाकाजी हे नाव त्यांना पडलं माझ्यामुळे. ओट्यावर बसून मी घोकत होते, "डोन्ट फ्रेट." काकाजी थबकले.

"हे तं आमच्या यार्डातलं इंग्रजी हाय! फ्रेट म्हंजे मालगाडीतला माल. माल भरू नको म्हणते."

"काकाजी, तो शब्द वेगळा, स्पेलिंगही वेगळं. हा फ्रेट म्हणजे उगाच काळजी करत बसणं. 'ही फ्रेट्स ओव्हर एव्हरीथिंग', म्हणजे तो बारीकसारीक गोष्टींवरून जीव जाळत राहतो."

"मंग वेगळं काय झालं? डोक्यात माल भरू नको, हेच ना!"

"आधी तुमची गाडी खाली करा," काकू म्हणाल्या.

तेव्हापासून मी पुस्तक घेऊन रडवेली बसले की ते विचारायचे, "कावून वं पोरी, लय फ्रेट झालं का?" मला हसू यायचं आणि पान उलटायचं.

परीक्षेला स्कूटरवर तेच घेऊन गेले. "हॉल तिकीट हाय ना? पेन चालते ना? टायरात हवा कमी वाटून राहिली का तुले?"

कॉलेजच्या गेटवर मी म्हटलं, "काकाजी, डोन्ट फ्रेट."

"मी कुठं फ्रेट करून राहिलो? माल तुझा हाय, मी नुसता इंजन."

पेपर देऊन बाहेर आले तर इंजन तिथंच, हेल्मेटसकट. सुट्टी टाकली होती.

रिटायर झाल्यावर ते गोंदियाला परत निघाले, तेव्हा मी स्टेशनवर सोडायला गेले. गाडी हलली, तशी काकाजी खिडकीतून ओरडले, "पोरी, घरचा गॅस बंद करून आली ना वं?"

मला आठवेचना. मी परत धावले ती थेट स्वयंपाकघरात.

गॅस बंदच होता. बाजूच्या भिंतीवर माझी पदवी टांगली होती. इंग्रजीत मी पास झाले होते. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी.