चपला मोजा

घरात हे कुणालाच ठाऊक नाही. नवऱ्याला नाही, सासूबाईंना नाही, बोदवडच्या मावशीला तर नाहीच. सांगावं म्हणून दोन-तीनदा तोंड उघडलं, आणि भाजीत मीठ बरोबर आहे ना, असलं काहीतरी विचारून मिटून घेतलं. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुमच्याशी बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं — पण तसंही दिसत नाही.

मी भुसावळला राहते, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. नवरा रेल्वेत आहे. माझं इंग्रजी चांगलं आहे. फुशारकी म्हणून नाही सांगत. पुढचं सगळं त्यातूनच झालं. आधी जामनेरला एका क्लासमध्ये शिकवायची. मुलगी झाली, जाणं-येणं जमेना, ते सुटलं. मग पुण्याच्या एका कंपनीकडून घरबसल्या काम मिळालं — परदेशातल्या लोकांची सोशल मीडियाची खाती सांभाळायची. माझ्या वाट्याला आले ऑस्ट्रेलियातले एक आमदार. नाव सांगत नाही. मनात मी त्यांना नुसतं साहेब म्हणायची.

साहेबांचं खातं एका मोठ्या अॅपने बंद करून टाकलं होतं. का, ते मी विचारलं नाही. मग ते दुसऱ्या एका लहान अॅपवर गेले. तिथे कुणी काही अडवत नाही, कुणाचं बोलणं पुसत नाही, हीच त्या अॅपची मिरवण्याची गोष्ट. तिकडचे बरेच पुढारी असं करायचे — ओळखीच्या अॅपवर गोडगोड बोलायचं आणि पोटातलं तिथे जाऊन ओकायचं. साहेबांचं तिथलं चॅनेल माझ्याकडे आलं. त्यांची भाषणं कापून तुकडे चढवायचे, खाली येणाऱ्या कॉमेंट बघायच्या, कुणी कौतुक केलं तर आभार मानायचे. पहाटे उठून बसायची, कारण तिकडे तेव्हा सकाळ टळलेली असे. घरच्यांना वाटायचं, आकडे भरायचं काम आहे. मीही कधी खुलासा केला नाही.

साहेबांच्या ऑफिसात मेगन नावाची बाई होती. चांगली होती हो. माझ्या मुलीच्या दातदुखीची चौकशी करायची. एकदा साहेबांची तब्येत बरी नव्हती, तर ती म्हणाली, आजची पोस्ट तूच लिही. मी लिहिली. रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल होती. साहेब कसे बोलतात ते मला पाठ झालं होतं — आखूड वाक्यं, मध्येच एक प्रश्न, शेवटी टोमणा. लोकांना पोस्ट आवडली. साहेबांनी निरोप पाठवला की हे मी स्वतः लिहिल्यासारखंच आहे.

त्या दिवशी मी मुलीला शाळेत सोडायला गेले तेव्हा रस्त्याने एकटीच हसत होते. इतक्या वर्षांत माझ्या इंग्रजीला कुणी असं म्हटलं नव्हतं. हे तुम्हाला सांगायलाच हवं, कारण पुढे जे झालं ते कुणी माझ्याकडून जबरदस्तीने करून घेतलं नाही. मला ते काम आवडत होतं.

खड्ड्यांवरून गाडी घरभाड्यांवर आली. घरभाड्यांवरून बाहेरून आलेल्या लोकांवर. आणि बाहेरून आलेल्यांवरून — शेवटी आपल्यावर. आपल्या पोरांवर, जी तिकडे शिकायला जातात. मला थांबावंसं वाटलं का? वाटलं असेल. पण मी त्याला नाव दिलं, नाटकातलं काम. नाटकात खलनायकाचं काम करणारा माणूस घरी येऊन वरणभात खातोच ना? असं मी स्वतःला सांगायची.

आता हर्षलबद्दल सांगते. हर्षल माझा मावसभाऊ, बोदवडच्या मावशीचा एकुलता एक. अकरावी-बारावीला तो भुसावळला आमच्याच घरी होता. इंग्रजी त्याला मी शिकवलं. तो मला अक्का म्हणतो. पुढे तो मेलबर्नला शिकायला गेला, तेव्हा त्याच्या अर्जासोबतचा निबंध मीच तपासून दिला होता. त्याला निरोप द्यायला सगळे गेले होते. मला आनंद झाला होता. आणि — खरं सांगायचंय तर सगळंच सांगते — आनंदाच्या खाली दुसरंही काही होतं. मलाही पुढे शिकायला पुण्याला जायचं होतं, आणि मी गेले नव्हते. पण ते कारण म्हणून पुढे करत नाही. ते होतं, एवढंच.

तिकडे हर्षल सहा-सात मुलांबरोबर एका जुन्या घरात राहायचा. त्यांच्यात जालंधरकडचा हरमन होता. हर्षल पहिल्यांदा उतरला तेव्हा त्याला विमानतळावर घ्यायला आला तो हरमन. हर्षलला डेंगीसारखा ताप आला तेव्हा रात्रपाळी सोडून उशाशी बसला तोही हरमन. व्हिडिओ कॉलवर मागून डोकावून मला म्हणायचा, "दीदी, ये बहुत पतली दाल बनाता है." मावशी त्याला दुसरा मुलगाच म्हणायची.

एका दिवाळीला हर्षलने घराच्या ओट्यावर कागदाचा आकाशकंदील टांगला आणि फोटो पाठवला. दोनच ठिकाणी पाठवला, आमच्या घरच्या ग्रुपवर आणि त्या मुलांच्या ग्रुपवर. कंदिलाखाली पोरं उभी, दारात चपला-बुटांचा ढीग, कडेला लाल रंगाची पत्रपेटी. मावशीने खाली लिहिलं, माझं घर भरलेलं दिसतंय.

त्याच आठवड्यात मेगनचा निरोप आला. घरांच्या प्रश्नावर जोरदार काहीतरी हवं होतं. आकडे नकोत, म्हणाली, लोकांना डोळ्यांनी दिसेल असं काही दे.

मी तो फोटो घेतला.

चेहरे कापले. कंदीलही अर्धा कापला. चपला ठेवल्या. पत्रपेटी — तिच्यावर घराचा नंबर होता. तो मला दिसला नव्हता का? दिसला होता. लाल रंगामुळे फोटो उठून दिसत होता, म्हणून राहू दिला. वर साहेबांच्या आवाजात लिहिलं, मराठीत सांगायचं तर असं: "या चपला मोजा. मग स्वतःला विचारा, तुमच्या मुलाला भाड्याने घर का मिळत नाही."

साहेबांच्या चॅनेलवर इतकी कुठलीच पोस्ट चालली नव्हती. मी मुलीचा डबा भरता भरता फोन बघत होते.

दुपारकडे एका माणसाने कॉमेंटमध्ये रस्ता ओळखला. दुसऱ्याने पूर्ण पत्ताच टाकला. एकजण म्हणाला, संध्याकाळी भेटायला जाऊ या. कॉमेंट काढून टाकायचं बटण माझ्या बोटाखाली होतं. मी मेगनला विचारलं, काढू का? ती म्हणाली, नको, आपण या अॅपवर आलो ते मोकळं बोलता यावं म्हणूनच ना, काढलं की लोक म्हणतील आपणही तसलेच.

मी नाही काढलं. बटण माझं होतं, बोट माझं होतं. पत्ता माझ्या भावाचा होता. मी धुणं वाळत घालायला गच्चीवर गेले. परत येऊन बघितलं तर कॉमेंट तिथेच होती, तिच्याखाली आणखी आल्या होत्या. मी गहू निवडायला बसले.

त्या संध्याकाळी घरावर दगड आले. हर्षल स्वयंपाकघरात खिडकीशी उभा होता, कांदा चिरत. काच फुटून कपाळात घुसली. डोळा वाचला. टाके पडले. घरमालकाने पोरांनाच घर सोडायला सांगितलं, कारण त्याला कटकट नको होती. हरमन त्या वेळी कामावर होता.

इकडे मावशी हंबरडा फोडून रडली. मी तिच्यासाठी बोदवडला गेले, तिच्याजवळ बसले, तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती म्हणत होती, "कोन असतील वं ते? त्याहिले काय मिळालं असंन?" आणि मी म्हणत होते, असतात मावशी अशी माणसं. कॉमेंट न काढणाऱ्या त्याच हाताने तिची पाठ कुरवाळत होते. पोस्ट मी परत आल्यावर काढली. चुकून दोनदा चढली होती म्हणून काढली, असं मेगनला सांगितलं. तिथेही खोटं.

इथवर जे केलं ते मूर्खपणात गेलं असं तुम्ही म्हणू शकाल. यानंतर जे केलं त्याला तुम्हीही काही म्हणू शकणार नाही.

हर्षलचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. म्हणाला, "अक्का, तू कॉम्प्युटरवरच काम करते ना. मला फक्त एवढं शोधून दे, त्या पुढाऱ्याच्या चॅनेलवर आमचा फोटो होता, तो त्यांच्याकडे कसा गेला. आपल्या ग्रुपवर आणि पोरांच्या ग्रुपवर सोडून मी कुठेच टाकला नाही."

मी म्हटलं, बघते. दोन दिवस काही केलं नाही. काय करणार होते? तिसऱ्या दिवशी त्याने पुन्हा फोन केला. सांगता आलं असतं. तो ओरडला असता, फोन आपटला असता, कदाचित आयुष्यभर बोलला नसता. मी म्हटलं, "आपल्या घरातलं कोण करेल रे असं? तिकडच्याच कुणीतरी दिला असेल. त्या संध्याकाळी घरी कोण नव्हतं?"

तो एकेकाचं नाव घेत गेला, कोण कुठे होतं ते. मग म्हणाला, "हरमन."

मी नाही म्हटलं नाही. "मला काय माहीत," म्हटलं. पण ते अशा सुरात म्हटलं की त्याला हो ऐकू यावं. सूर कसा लावायचा हे तोवर मला चांगलं जमायला लागलं होतं.

त्यांचं काय बोलणं झालं मला माहीत नाही. हर्षलने हरमनचा नंबर ब्लॉक केला. नवं घर दुसऱ्याच मुलांबरोबर घेतलं. शिक्षण कसंबसं संपवून परत आला, तिकडे राहायचं त्याच्या मनातून गेलं होतं. आता जळगावला ठिबक सिंचनाच्या एका दुकानात आहे. केस कपाळावर ओढून घेतो. मावशी मला म्हणते, "त्याले इचार ना वं, काय सलतंय त्याच्या मनात. तुलेच सांगीन तो." मी विचारते. तो म्हणतो, "काही नाही अक्का. माणूस ओळखता येत नाही, एवढंच."

काम मी लगेच सोडलं नाही. तेही सांगून टाकते. नंतर तिकडे निवडणूक झाली, साहेब पडले, चॅनेल बंद पडलं, म्हणून ते सुटलं. मेगनने जाताना लिहिलं, तुझी आठवण येईल.

गेल्या हिवाळ्यात हर्षलने सहज बोलावं तसं सांगितलं. हरमन सुट्टीवर आला होता आणि आईला घेऊन नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला चालला होता. कुणाच्या तरी फोनवरून त्याने निरोप पाठवला होता — गाडी दुपारी भुसावळला थांबते, दोन मिनिटं भेट. हर्षल म्हणाला, मी नाही जाणार. त्याने डब्याचा नंबरही सांगितला, जणू माझ्या हातात काहीतरी ठेवावं तसा.

स्टेशन आमच्या क्वार्टरपासून चालत जाण्यासारखं. मी गेले. का गेले? सांगायला गेले होते, असं मला त्या वाटेवर वाटत होतं. आधी त्याला सांगायचं, मग हर्षलला, असं ठरवतही होते.

गाडी लागली. तो दारातच उभा होता. दाढी वाढली होती, अंगाने भरला होता. फलाटावर इकडून तिकडे बघत होता, गर्दीतून उंच होऊन. मग त्याची नजर माझ्यावर आली आणि त्याने मला ओळखलं. खाली उतरला. वाकून पायाला हात लावला.

"वो नहीं आया ना, दीदी?"

मी मान हलवली. आत खिडकीशी त्याची आई बसली होती. तिने हात जोडले. तो पटकन आत जाऊन एक स्टीलचा डबा घेऊन आला. आईने केलेल्या पिन्न्या होत्या, कणकेचे तुपातले लाडू, हर्षलला आवडायचे म्हणून. डबा माझ्या हातात देऊन तो म्हणाला, "उसको बस इतना बोल देना दीदी, फोटो मैंने नहीं दी. माने ना माने, उसकी मर्ज़ी."

त्याच्या आवाजात राग नव्हता. बरेच दिवस घोकून ठेवलेलं एकदाचं बोलून टाकावं, तसा तो बोलला.

गाडीने शिट्टी दिली. त्याच वेळी मला बोलता आलं असतं. मी म्हटलं, "बोलूंगी." तो धावत चढला. वळणापर्यंत त्याचा हात दिसत होता.

घरी आल्यावर मुलीने विचारलं, डब्यात काय आहे. मी म्हटलं, स्टेशनवरून आणलंय. तिला पिन्न्या फार आवडल्या. नवऱ्यालाही आवडल्या, कुठल्या दुकानातून घेतल्या म्हणून विचारलं. मी एकही खाल्ली नाही, पण थांबवलंही नाही कुणाला. तीन-चार दिवसांत डबा संपला. मी तो घासला. आता त्यात शेंगदाणे असतात.

त्यानंतर हर्षल दोनदा घरी जेवायला आला. दुसऱ्या खेपेला डबा त्याच्यासमोरच होता, ओट्यावर. त्याने त्यातले मूठभर दाणे घेतले आणि खात खात मुलीचा अभ्यास घेत बसला. मी पोळ्या करत होते.

त्याला मी काहीच सांगितलेलं नाही.