चादरीची पेशी आणि आत कोंडलेले सर

चहा घ्या आधी. मी बोलायला लागलो की समोरच्याचा चहा गार होतो, अशी आमच्या घरातली तक्रार आहे. आणि हसायचं तर मोकळेपणानं हसा. तोंडावर रुमाल धरून हसलेलं मला जास्त लागतं. त्या दिवशी अख्खं कॉलेज रुमाल धरूनच हसत होतं.

तर मी जीवशास्त्राचा मास्तर. तोही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर ‘सर’, नाही घेतला तर ‘कोण पाहिजे तुम्हाला?’ आमच्या घरात खाली यंत्रमाग, वर आम्ही. वडील मागावरूनच रोज ओरडून एकच विचारायचे, “पक्का झालास का रे? नाहीतर ये खाली, माणूस कमी आहे.” लग्न होऊन पोरगी शाळेत जायला लागली, तरी मी आपला तासावरच.

आणि एके दिवशी देव पावला की. संस्थेनं पूर्ण वेळ जागा काढायचं मनावर घेतलं. पुण्याहून विषयतज्ज्ञ येणार, संस्थेचे दोघं येणार, माझा एक तास बघणार आणि ठरवणार. उमेदवार किती? मी एकटा. आता सांगा, एकट्यानं पळायच्या शर्यतीत माणूस हरेल कसा?

हरतो. सांगतो की.

विषय मीच निवडला. पेशीची पटलं, म्हणजे पातळ पडदे, कशी वाकतात आणि कशी तुटतात. तुम्हाला सोपं करून सांगतो, घाबरू नका. पेशीला बाहेरचं काही आत घ्यायचं असलं तर ती दार उघडत नाही, कारण तिला तसलं दारच नाही. ती आपल्या पटलाला आतल्या बाजूला खड्डा पाडते. माल खड्ड्यात गेला की खड्ड्याची मान आवळायची आणि पिशवी तोडून आत घ्यायची. हे सगळं प्रथिनं करतात. खड्डा पाडणारी वेगळी, मान आवळणारी वेगळी. आवळणाऱ्याचं नाव डायनामिन. ते मानेभोवती वेटोळं घालून बसतं आणि ऊर्जा खर्च करून आवळतं. पोळ्या करताना बायका मुठीतून कणीक वर काढून उंडा तोडतात ना, तसंच. फक्त उंड्याच्या आत पोकळी असते आणि पेशीतलं एक टिपूस बाहेर सांडत नाही.

हे फळ्यावर काढलं असतं तर दहा मिनिटांत विषय संपला असता आणि आज मी पेन्शनच्या गोष्टी करत बसलो असतो. पण मला दुर्बुद्धी सुचली. म्हटलं, सोलापुरात राहायचं, मागावर जन्म काढायचा आणि पेशीचं पटल खडूनं काढायचं? चादर कशाला आहे मग?

घरातल्या सेकंड मालातल्या चादरी आईकडून जोडून शिवून घेतल्या. झालं पटल. मधोमध एक मोठी थैली, टिचबटणांनी जोडलेली, म्हणजे तोडायच्या वेळी बटणं काढली की पिशवी सुटी. थैलीच्या तोंडाला नेफा आणि नेफ्यात परकराला असते तशी जाडजूड नाडी. अकरावीची पोरं म्हणजे प्रथिनं. काहींनी खड्डा पाडायचा, काहींनी मानेभोवती गोल फिरून नाडी आवळायची. तालमीला माल म्हणून टॉवेलचं एक गाठोडं घेतलं.

तालमीत काय झालं, नाडी आवळली, पिशवी सुटली, पोरांनी ती ओढत नेली आणि वाटेतच तोंड उघडून गाठोडं घरंगळत बाहेर आलं. पोरं खिदळायला लागली. मी ओरडलो, “थांबा, थांबा.” तर ती अर्ध्यावर थांबली आणि अजून हसली. मला घाम फुटला. कमिटीसमोर असं झालं तर?

मग मी दोन सूचना दिल्या. नीट ऐका, कारण माझं वाटोळं या दोन सूचनांनीच केलं.

पहिली सूचना सगळ्यांना. “त्या दिवशी मी कितीही ओरडलो तरी थांबायचं नाही. पेशीत कुणी कुणाचं ओरडणं ऐकत नाही.”

दुसरी वैष्णवीला. ती नाडी बांधणार होती. तिच्याही घरी माग. तिला म्हटलं, “साधी सुरगाठ नको. आपल्या मागावरची मार.”

आता मागावरची गाठ म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. सूत तुटलं की माग चालू ठेवून डोळ्याचं पातं लवायच्या आत मारायची ती गाठ. बारीक असते, आणि ओढाल तितकी घट्ट होते. ती सोडवायची कशी हे आमच्याकडे कुणाला येत नाही, कारण ती कुणी कधी सोडवतच नाही. मला हे माहीत नव्हतं का? लहानपणापासून मारतोय की मी. पण त्या वेळी डोक्यात फक्त एकच, गाठोडं बाहेर यायला नको.

दिवस उजाडला. मार्च संपत आलेला, सोलापूरचा मार्च. हॉलमध्ये पंखे गरम हवा इकडची तिकडं करत होते. पुढच्या रांगेत प्राचार्या मॅडम, संस्थेचे दोघं आणि मधे पुण्याचे तज्ज्ञ सर. गोरे, किडकिडीत, चेहऱ्यावर सुरकुती हलत नव्हती.

त्यांना बघितलं आणि मला वाटलं, टॉवेलचं गाठोडं फार फिकं पडतंय. काहीतरी जिवंत पाहिजे. मास्तर स्वतः माल झाला, तर याला म्हणतात शिकवण्याची तळमळ. असं कुणी म्हटलं नव्हतं, मलाच वाटलं. मी बूट काढले आणि खड्ड्यात उतरलो.

काय काम केलं हो पोरांनी. खड्डा पाडणाऱ्यांनी खड्डा पाडला. आवळणाऱ्यांनी फेर धरला. डोक्यावरचा उजेड कमी कमी होत गेला आणि वैष्णवीचे हात मला शेवटचे दिसले. टचकन गाठ बसली. बटणं पटापटा निघाली, मला पेशीच्या आत, म्हणजे स्टेजच्या कोपऱ्यात, ओढत नेलं आणि टाळ्या पडल्या. मी आत गुडघे छातीशी घेऊन ऐकत होतो. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

ठरलेलं असं की आता नाडी सुटणार, मी बाहेर येणार आणि म्हणणार, “अशा रीतीने.”

नाडी सुटेना.

आधी नखं लागली, मग दात लागले. तेवढ्यात आमचे शिपाई मारुतीमामा आले. मामा मोडनिंबचे, सगळ्या कामात पुढं.

“कात्री आणा की,” मामा म्हणाले.

“कात्री लॅबमधे आहे,” वैष्णवीचा आवाज आला.

“मग लॅब उघडा.”

“किल्ली सरांकडं आहे.”

“आन् सर कुटं हायत?”

चादरीवरून माझ्या पाठीत कुणीतरी बोट टोचलं.

किल्ली खिशात, खिसा पँटीला आणि पँटीत मी, घडी करून. हात खिशापर्यंत जाईना. मी ओरडलो, “अरे सोडा, गुदमरतोय मी.” तर पोरांचा फेर परत सुरू झाला. आज्ञाधारक पोरं. कितीही ओरडलो तरी थांबायचं नाही, असं मीच शिकवलं होतं ना? मामा गल्लीतल्या टेलरकडं कात्री आणायला पळाले आणि मी गप्प बसलो, कारण ओरडलो की फेर वाढत होता.

आणि त्या शांततेत तज्ज्ञ सर पहिल्यांदा बोलले. “शिक्षक जरा अडकलेत. तोवर विद्यार्थ्यांना विचारू का काही?”

मॅडम म्हणाल्या, “विचारा की.”

पोरं माझी, आणि मी चादरीत. खुणावणारं कुणी नाही, पहिला शब्द पुरवणारं कुणी नाही.

“ही मान आवळायला एक डायनामिन पुरतं का?”

“नाही सर,” वैष्णवी म्हणाली. “खूप रेणू एकमेकांना धरून वेटोळं करतात. एकट्याचं काम नाही ते.”

“आणि काम झाल्यावर?”

“सुटे होतात सर. परत दुसऱ्या मानेला जातात.”

“हे प्रथिन बिघडलं तर?”

आता दिगंबर उठला. हा वेळापूरचा, रोज शेवटच्या बाकावर बसायचा, आणि मी त्याला वर्षभर मंद समजत होतो. “सर, फळमाशीची एक जात हाय. तिच्यात ह्ये प्रथिन असं बिघडल्यालं असतंय, की ऊन वाढलं की काम बंद. मज्जातंतूंत पिशव्या तुटायच्या थांबत्यात आन् माशी लुळी पडती. गार केलं की उटती परत.”

हे मी तासाला एकदाच, जाता जाता सांगितलं होतं. मला आत भरून आलं. आणि उकडतही होतं. मी एका कुशीवर कलंडलो. चादर हलली आणि मग हलायची थांबली, तेव्हा सगळा हॉल मी ती लुळी पडलेली माशीच असल्यासारखा माझ्याकडं बघायला लागला, असं मला नंतर कळलं.

तज्ज्ञ सरांनी शेवटचा प्रश्न टाकला. “पिशवी आत आल्यावर पुढे तिच्यातल्या मालाचं काय होतं?”

“छाननी होती सर,” दिगंबर म्हणाला. “उपयोगाचं असलं तर परत वर पाठवत्यात. बिनउपयोगाचं असलं तर पचवून टाकत्यात.”

“आणि याचं?” ते कोपऱ्याकडं बोट करून म्हणाले असणार.

दिगंबर लगेच म्हणाला, “त्ये अजून ठरलं न्हाय सर. कमिटी ठरवणार हाय.”

तेव्हा तो सुरकुती न हलणारा माणूस हसला. खो खो हसला. मी आत चादरीला तोंड दाबून बसलो होतो, पण खरं सांगतो, मला लई आनंद झाला. पोरांनी मैदान मारलं होतं. म्हटलं, आता नोकरी कुठं जाते?

मामा कात्री घेऊन आले, नाडी कापली आणि मी बाहेर पडलो. केस चिकटलेले, सदऱ्याची बटणं तुटलेली, एका पायात मोजा नाही. उजेडानं डोळे मिटले. आणि तरीही मी हात जोडून म्हणालो, “अशा रीतीने.” तोपर्यंत अर्धी कमिटी जेवायला उठली होती.

तज्ज्ञ सर मात्र थांबले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, “उत्कृष्ट. इतकी तयार मुलं मी फार कमी पाहिली.” मी घरी जाताना पेढे घेतले. वडिलांनी माग थांबवून पेढा खाल्ला. आमच्यात माग थांबवून पेढा खाणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. शेजारपाजारी पेढे गेले. बायकोनं माहेरी फोन केला.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं. चांगली बातमी द्यायला कुणी पाणी देत नाही.

“सर, तज्ज्ञांनी तुमचं फार कौतुक केलंय,” त्या म्हणाल्या. “म्हणाले, मुलांना विषय मुळापासून समजलाय. शिक्षक उपलब्ध नव्हते, तरी वर्ग एक क्षण अडला नाही.”

“थँक्यू मॅडम.”

“संस्थेच्या लोकांनी नेमकं तेच धरलं. म्हणाले, शिक्षक नसताना वर्ग एवढा उत्तम चालतो, तर पूर्ण वेळ जागा कशाला भरायची? जागा सध्या रद्द झाली आहे. तासिकेवर तुम्ही आहातच.”

घरी वाटलेले पेढे डोळ्यासमोर आले, वडिलांचा थांबलेला माग आला.

“पण मॅडम,” मी म्हणालो, “याचा अर्थ मी चांगलं शिकवतो असाच झाला ना?”

“अर्थातच. इतकं चांगलं शिकवलंत की तुमची गरजच उरली नाही.”

आणि मी, अहो मी, उठलो, खुर्ची जागेवर सरकवली आणि परत एकदा “थँक्यू मॅडम” म्हणून बाहेर आलो.