पत्र्यापलीकडची रेडी

म्हैस सुटली आन् तिच्या वाटंतच माझ्या बाळाची झोळी टांगल्याली. झोळी म्याच टांगल्याली, साखळीची कडीबी म्याच काढल्याली. हातात धारंच्या मशीनचं कप, आन् ती म्हैस, शेवंती, झोळीपास्नं चार पावलांवर.

आधी काय झालं ते सांगतो. जरा घाईत सांगतो, समजून घ्या.

राधानगरीच्या वाटंवर आमच्या मालकांचा म्हशींचा गोठा हाय. मी तिथं धारंला हाय. धार आता मशीनची. सडांना चार कप लावायचं, मशीन ओढतंय. पर आधी म्हशीनं पान्हा सोडाय पायजे. पान्हा म्हंजे तिनं आपल्या मनानं दूध खाली सोडायचं. तिच्या मनात नसंल तर मशीन नुसतं घुर्र घुर्र करतंय. सातवीपतूर शिकल्याली मी, पर बाळ झाल्यापास्नं हे मला कुणी शिकवाय लागलं न्हाय.

गोठा नवा बांधला तवा इंजिनेर साहेबांनी मधी पत्रा मारला, माणसापरीस उंच. म्हशी हिकडं, रेडकं तिकडं. हायजिन म्हणं. दिसायचं चकाचक, खोटं कशाला बोलू. जुन्या म्हशींनी कसंबसं जमवून घेतलं. शेवंती पहिलारू, पयल्यांदाच याल्याली. तिला रेडी झाली, ती लगेच पत्र्यापलीकडं न्हेली. तवापास्नं ही पत्र्याकडं तोंड करून रेकायची, आन् धारंला कास दगडागत घट्ट.

त्या सकाळी मालक म्हणालं, "सुनीता, आज न्हाय सोडलं तर उद्या बाजार दावायचा हिला."

"मालक, रेडी कासंला लावू का वाईच? आमच्या सासूबाई घरामागच्या परड्यात आधी रेडकूच लावत्यात, मग धार काढत्यात."

"तुज्या सासूचं परडं हाय व्हय हे? हितं रेडकू लावायचं न्हाय. तसं डिझाईनच हाय."

मालक दुधाच्या गाडीकडं गेलं. तेवढ्यात पलीकडनं रेडी वरडली. शेवंती सगळ्या अंगानं तिकडं वळली, साखळी ताठ झाली. त्याच वक्ताला माझं बाळबी रडलं, आन् माझं झंपर भिजलं. मला काय सुधरंना. म्या कडी काढली. मधी झोळी हाय हे ध्यानातच आलं न्हाय बघा.

शेवंती झोळीपाशी थांबली. नाक लावून बाळाला हुंगलं. फुर्र करून श्वास सोडला तशी झोळी हलली, बाळ एकदम गप. मग कडंनं वळसा घालून ती पत्र्यापाशी गेली. खालच्या फटीतनं रेडीचं नाक भायेर आल्यालं. मान खाली घालून चाटाय लागली, आन् चारी सडातनं दुधाच्या धारा फरशीवर, आपसूक.

म्या बाळ उचललं, छातीशी धरलं आन् तिथंच रडत बसलो.

मालक पळत आलं. "कुणी सोडलं गं हिला?"

"कडी... कडी निसटली, मालक."

ते मला बोलणार, तेवढ्यात त्यांस्नी फरशीवरचं दूध दिसलं. मग म्हणालं, "बघतीस काय? मशीनची ट्रॉली हिकडं आण की! तिथंच लाव कप!"

पत्रा कापायचं मालकांनी कळवलं, तसा दुपारी इंजिनेर साहेबांचा फोन. पत्रा कापला तर सगळा लेआऊट बिघडंल म्हणालं.

"पावणं," मालक म्हणालं, "लेआऊट तुमचा, म्हैस माझी हाय."

वेल्डर आला. म्हशीच्या तोंडाएवढ्या उंचीला पत्रा कापला आन् गज बसवलं, जीभ जाईल एवढ्या अंतरानं. रेडकांस्नी उभाराय पलीकडं कट्टा केला. आता पहिलारू म्हशीची धार तिथंच काढतो. आधी चाटू द्यायचं, मग कप. शेवंती बाजारला गेली न्हाय. गोठा बांधायच्या आधी म्हशीच्या जागी उभारून बघावं, मला तर एवढंच कळतंय.

मालक आता आल्यागेल्याला गज दावत्यात. "कडी निसटली आन् आमचं डोकं चाललं," म्हणत्यात. मी मान हलवतो. खरं अजून सांगितल्यालं न्हाय. पर बाळाला पाजाय बसलं की शेवंतीचं नाक झोळीला लागल्यालं आठवतंय, आन् मी बाळाला आनखी जवळ वढून घेतो. ती थांबली नसती तर?

तिकडं रेडी वरडती, हिकडं बाळ रडतंय, आन् कडी तुमच्या हातात. तुमी असता तर काय केलं असतं?